पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी आतून चिकटू नयेत म्हणून काय करता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीच्या अंडाशयावरची गाठ काढायची आहे. काही वर्षांपूर्वी तिचं अपेंडिक्स फुटलं होतं आणि तेव्हा पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं होतं. आताचे सर्जन म्हणाले, ‘आत चिकटलेलं असणार, वेळ जास्त लागेल.’ निदान या वेळी तरी पुन्हा चिकटू नये यासाठी एखादी गोळी, मालीश, बेल्ट असं काही आहे का? आणि पुढे मूल होण्यावर याचा परिणाम होईल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आतून किती चिकटणार याचा बहुतेक निकाल ऑपरेशनच्या टेबलावर आणि त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लागतो. घरी आल्यावर ते रोखण्यासाठी करण्यासारखं जवळपास काही उरत नाही. म्हणून तुमची धडपड ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत कामाला लावा, नंतरच्या तेल-मालिशीत नको. काय विचारायचं ते पुढे सांगतो. पण आत नेमकं काय होतं हे कळलं तर ते प्रश्न नीट विचारता येतील, आणि समोरचं उत्तर खरं आहे की नुसती समजूत काढली जातेय तेही ओळखता येईल.

पोटाच्या आतल्या भिंतीवर आणि आतडी, गर्भाशय, यकृत अशा बहुतेक अवयवांवर एक पातळ, चकचकीत अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याचा सर्वांत वरचा थर फक्त एका पेशीच्या जाडीचा असतो, पण सगळं अस्तर पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास अंगावरच्या कातडीएवढं भरतं. दोन पृष्ठभागांमध्ये जेमतेम काही चमचे द्रव असतो. त्या ओलाव्यामुळे आतडी आयुष्यभर एकमेकांवरून विनातक्रार सरकत राहतात.

हा एका पेशीचा थर फार नाजूक. कोरड्या गॉझने पुसला, दिव्याखाली अर्धा तास उघडा राहून सुकला, चिमट्यात दाबला गेला, मशीनने भाजला, रक्तात किंवा पुवात भिजत राहिला, की तो सोलवटतो. सोलवटलेल्या जागेतून प्रथिनांनी भरलेला चिकट द्रव पाझरतो आणि काही तासांत तिथे फायब्रिनचं जाळं तयार होतं. जखमेवर रक्त गोठताना जे तंतू बनतात तेच हे. समोरासमोर आलेल्या दोन सोललेल्या जागा या जाळ्याने एकमेकींना धरून ठेवतात. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं, कारण अस्तराच्या पेशी स्वतःच एक द्रव्य सोडतात, त्यातून प्लाझमिन तयार होतं आणि प्लाझमिन हे जाळं विरघळवून टाकतं. सगळं नीट चाललं तर तीन ते पाच दिवसांत जाळं साफ होतं, आठवडाभरात अस्तर नव्याने तयार होतं आणि आतडी पुन्हा मोकळी होतात.

बिघाड होतो तो ही विरघळवण्याची यंत्रणा मंदावल्यामुळे. ज्या ऊतीला मार बसलाय किंवा जिचा रक्तपुरवठा तुटलाय, तिथे ती नेमकी त्याच पहिल्या दिवसांत अपुरी पडते. जाळं मागे राहतं. मग त्यात तंतू विणणाऱ्या पेशी शिरतात, कोलॅजन साचतं, बारीक रक्तवाहिन्या आणि नसासुद्धा येतात. दोनेक आठवड्यांत तिथे कायमचा पट्टा तयार झालेला असतो. हाच अ‍ॅडहिजन. नंतर त्याला कोणतीही गोळी वितळवू शकत नाही, कारण तोवर ती रक्तपुरवठा असलेली जिवंत ऊती झालेली असते.

इथे एक गोष्ट सर्जनांनाही बराच काळ उमगली नव्हती. कातडीची जखम कडेकडेने भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. पेरिटोनियमचं तसं नाही. ते सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी नव्याने उगवतं, त्यामुळे रुपयाएवढी जागा सोललेली असो की तळहाताएवढी, भरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ब्रिटिश सर्जन हॅरल्ड एलिस यांनी 1960च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं, की उघडी पडलेली जागा तशीच सोडली तर ती बहुतेकदा गुळगुळीत भरून येते. पण ती झाकण्यासाठी अस्तराच्या कडा ओढून टाके घातले, तर टाक्यांच्या ताणाने तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि चिकटण्याचं प्रमाण वाढतं. रक्ताला भुकेलेली ऊती शेजारच्या आतड्याकडून रक्तवाहिन्या मागवते, आणि त्या येतात त्या अ‍ॅडहिजनच्या वाटेने. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या सर्जनांना ‘काहीही उघडं ठेवू नका, सगळं शिवून घ्या’ असंच शिकवलं जात होतं. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी किती पोटं चिकटली असतील, कोण जाणे.

आता तुम्ही म्हणाल, मग फायब्रिन बनूच न देणारं औषध का देत नाहीत? कारण ज्या प्रक्रियेने आतडी चिकटतात तीच प्रक्रिया जीवही वाचवते. तुमच्या बहिणीचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा आजूबाजूचं आतडं आणि चरबीचा पदर तिथे जाऊन चिकटला नसता, तर पू सगळ्या पोटात पसरला असता. आतडं कापून पुन्हा जोडतो तेव्हा पहिल्या काही दिवसांत ती शिवण याच चिकटपणाच्या आधाराने गळायची थांबते. रक्त न गोठू देणारी हेपरिनसारखी औषधं पोटात घालून पाहिली, रक्तस्रावाची भीती वाढली. स्टेरॉइड देऊन पाहिली, जखमा भरेनात आणि संसर्गाचा धोका वाढला. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांनी प्राण्यांमध्ये थोडी आशा दाखवली, माणसांत भरवशाचं काही हाती लागलं नाही. आजच्या घडीला अ‍ॅडहिजन रोखण्यासाठी म्हणून तोंडाने घ्यायची सिद्ध झालेली एकही गोळी नाही. सूज उतरायला एन्झाइमच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. त्यांनी पोटातलं चिकटणं थांबतं असा पुरावा नाही. कोणी त्यासाठी महिनोन्‌महिने घ्या म्हणत असेल, तर खुशाल नाही म्हणा.

जुन्या काळातले प्रयत्न वाचले की हसावं की रडावं कळत नाही. अ‍ॅडहिजनमुळे आतडं अडकून रुग्ण दगावल्याची नोंद थॉमस ब्रायंट या लंडनच्या सर्जनने 1872 मध्ये केली, आणि तेव्हापासून लोकांनी पोटात ऑलिव्ह तेल ओतलं, पातळ पॅराफिन ओतलं, वारेची पडदी पसरून ठेवली, जनावरांच्या पोटातलं अस्तर वापरून पाहिलं. 1937 मध्ये नोबल नावाच्या अमेरिकन सर्जनने हातच टेकले. आतडी चिकटणारच असतील तर निदान शिस्तीत चिकटू देत, म्हणून त्यांनी आतड्याच्या घड्या एकापुढे एक लावून टाक्यांनी शिवून टाकायची पद्धत काढली. ती काही वर्षं चाललीही, मग गुंतागुंतींमुळे मागे पडली.

भीती किती बाळगावी? ऑपरेशन झालेली पोटं पुन्हा उघडून पाहिली तेव्हा काय दिसलं याचा एक अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला: पूर्वी पोट उघडलेल्या रुग्णांपैकी 93 टक्के जणांच्या पोटात अ‍ॅडहिजन होते. म्हणजे पोट उघडून ऑपरेशन झालं की थोडंफार चिकटणारच, हा नियमच समजा. पण चिकटणं वेगळं आणि त्रास होणं वेगळं. स्कॉटलंडमध्ये 1986 साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं उघडं ऑपरेशन झालेल्या जवळपास 30,000 रुग्णांचा दहा वर्षं माग काढला गेला. त्यांतले साधारण एक तृतीयांश लोक अ‍ॅडहिजनशी थेट किंवा कदाचित संबंध असलेल्या कारणांनी, किंवा अ‍ॅडहिजनमुळे अवघड होऊ शकणाऱ्या पुढच्या ऑपरेशनसाठी, पुन्हा भरती झाले. पण ज्यांत दोष निःसंशय अ‍ॅडहिजनचाच होता अशा भरती एकूण भरतींच्या सहा टक्क्यांहूनही कमी होत्या. ‘आत चिकटलंय’ हे ऐकून झोप उडवून घेण्याचं कारण नाही. बहुसंख्य लोक चिकटलेल्या पोटानेच सुखाने जगतात आणि त्यांना ते कधी कळतही नाही.

त्रासाचे मात्र चार प्रकार आहेत. आतडं अडकणं हा सर्वांत गंभीर. बायकांमध्ये गर्भनलिका आणि अंडाशय जखडल्यामुळे गर्भधारणेला अडथळा. काहींना जुनाट दुखणं. आणि चौथा, ज्याबद्दल रुग्णाला क्वचितच नीट सांगितलं जातं, तो म्हणजे पुढचं ऑपरेशन अवघड होणं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत आज लगेच लागू होतो तो हाच.

जुन्या व्रणाखाली पुन्हा पोट उघडताना काय होतं ते सांगतो. कातडी, चरबी, स्नायूवरचा पांढरा थर इथपर्यंत सगळं ओळखीचं असतं. त्याखाली एरवी अस्तराला चिमटीत धरून वर उचललं की खालचं आतडं आपसूक बाजूला सरकतं आणि अलीकडे हवेची मोकळी जागा मिळते. चिकटलेल्या पोटात ते उचलल्यावर आतडंही बरोबर वर येतं. आता चिमट्यात आहे ते अस्तर की आतड्याची भिंत, हे रंगावरून, जाडीवरून, बोटांमध्ये चोळून पाहून ठरवायचं. म्हणून आम्ही जुन्या व्रणाच्या थोडं वर, न कापलेल्या जागेतून आत शिरतो आणि तिथून कात्रीने मिलिमीटर मिलिमीटर सोडवत खाली येतो. मऊ, पारदर्शक चिकटणं बोटाच्या टोकाने सुटतं. जुनं, पांढरं, घट्ट चिकटणं कात्रीशिवाय सुटत नाही, आणि तिथे ओढाताण केली की आतडं फाटतं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पोट पुन्हा उघडताना 19 टक्के रुग्णांमध्ये नकळत आतड्याला भोक पडल्याचं दिसलं. ते लगेच लक्षात आलं तर दोन-चार टाक्यांत निभावतं. लक्षात न येता राहून गेलं तर प्रकरण जिवावर बेततं. ‘वेळ लागेल’ असं सर्जन म्हणाले ते या कारणाने, आणि वेळ लागेल असं आधीच सांगणारा सर्जन मला तरी चांगला वाटतो.

आता टेबलावर काय करता येतं ते पाहू. सगळ्यांत मोठा फरक शक्य असेल तिथे दुर्बिणीतून ऑपरेशन केल्याने पडतो. छेद लहान, आतडी बाहेर काढून हाताळली जात नाहीत, पोट उघडं राहून सुकत नाही, गॉझचा वापर नगण्य. स्कॉटलंडमधल्याच नंतरच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर अ‍ॅडहिजनमुळे थेट पुन्हा भरती होण्याचा धोका उघड्या ऑपरेशनच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हा फरक चांगला आहे, पण जाहिरातीत सांगतात तितका जादुई नाही. पोट फुगवायला वापरतात तो कार्बन डायऑक्साइड कोरडा आणि थंड असतो, त्यानेही अस्तर थोडं सुकतंच. शिवाय दुर्बिणीतून केलेलं ओबडधोबड, रक्ताळलेलं ऑपरेशन हे उघड्या पण हळुवार केलेल्या ऑपरेशनपेक्षा पोटाला बरं असतं असं मला मुळीच वाटत नाही.

बहिणीचं अपेंडिक्स फुटलेलं होतं, म्हणजे उजव्या बाजूला खाली चिकटलेलं असण्याची शक्यता जास्त. अशा रुग्णात बेंबीतून पहिली सुई घालण्याऐवजी बरेच सर्जन डाव्या बरगडीच्या काठाखालून आत शिरतात, कारण तो कोपरा सहसा मोकळा असतो. काही ठिकाणी आधी सोनोग्राफीत श्वासाबरोबर आतडं पोटाच्या भिंतीखालून सरकतं का ते पाहतात. सरकत असेल तर ती जागा मोकळी. नुसत्या नेहमीच्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये अ‍ॅडहिजन थेट दिसत नाहीत, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे चिकटलेलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

बाकी जे आहे ते हाताचं वळण. आतडं बोटांनी धरायचं, चिमट्याने नाही. गॉझ ओलं करून टेकवायचं, पुसायचं नाही. कोमट सलाइनने पृष्ठभाग ओला ठेवायचा. रक्तस्राव बारकाईने थांबवायचा, पण मशीनने आजूबाजूचं सगळं जाळत सुटायचं नाही, कारण काळी पडलेली ऊती म्हणजे रक्तपुरवठा नसलेली ऊती. साठलेलं रक्त शोषून घ्यायचं. बारीक, विरघळणारे धागे आणि जेमतेम लागतील तेवढेच टाके. पोट बंद करताना आतल्या अस्तराला वेगळी शिवण घालण्याची गरज नसते. चरबीचा जो पदर आतड्यांवर पडलेला असतो तो बंद करण्याआधी ओढून छेदाखाली पसरायचा, म्हणजे चिकटलंच तर तो पदर चिकटेल, आतडं नाही. या यादीत दाखवण्यासारखं महागडं यंत्र एकही नाही, म्हणून कोणी त्याची जाहिरात करत नाही. पण माझ्या मते निम्म्याहून जास्त प्रतिबंध इथेच आहे.

हातमोज्यांबद्दल एक आडवळण. मोजे चढवायला सोपे जावेत म्हणून त्यांना आतून भुकटी लावलेली असायची, पूर्वी टाल्क, नंतर मक्याचा स्टार्च. ती भुकटी पोटात पडली की तिच्याभोवती सूज येऊन गाठी आणि अ‍ॅडहिजन होतात हे कित्येक दशकं माहीत होतं. तरी ऑपरेशनआधी मोजे धुऊन घेण्यावर सगळं भागवलं जायचं, आणि धुतल्यावरही भुकटी पुरती जात नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने भुकटीच्या मोज्यांवर थेट बंदी घातली ती जानेवारी 2017 पासून. बिनभुकटीचे मोजे वापरता का, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

पोटात जाळी बसवायची असेल, उदाहरणार्थ हर्नियासाठी, तर साधी पॉलिप्रॉपिलिनची जाळी आतड्याला उघडी टेकता कामा नये. ती आतड्याला घट्ट धरते आणि कधी भिंतीतून आत शिरते. आतड्याच्या बाजूने न चिकटणारा लेप असलेल्या वेगळ्या जाळ्या मिळतात. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, म्हणून इतकंच.

आता आडपडद्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्यांचीच होते. कल्पना साधी आहे: पहिला आठवडा दोन सोललेल्या पृष्ठभागांमध्ये काहीतरी ठेवायचं, अस्तर भरलं की ते विरघळून गेलं पाहिजे. सेप्राफिल्म हा हायलुरोनिक आम्ल आणि सेल्युलोजपासून बनवलेला पातळ कागदासारखा पडदा, अमेरिकेत 1996 पासून मान्य. आतड्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर छेदाखाली तो ठेवला तर चिकटण्याचं प्रमाण आणि घट्टपणा दोन्ही कमी होतात, हे चांगल्या चाचण्यांत दिसलंय. वापरणाऱ्याची मात्र परीक्षा असते. ओलाव्याला लागला की तो तिथेच चिकटतो, मग ती जागा आतडं असो की सर्जनचा मोजा. वाकवला की तडकतो. कोरड्या मोज्यांनी, छोटे तुकडे करून, दोन्ही कडा पोटाच्या भिंतीपासून लांब ठेवून सरकवावा लागतो. आणि ताज्या जोडलेल्या आतड्याच्या शिवणीभोवती तो गुंडाळायचा नाही, कारण तसं केलेल्यांमध्ये शिवण गळण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. वर म्हटलं ना, शिवणीला चिकटण्याचा आधार लागतो.

इंटरसीड हे सेल्युलोजचं विणलेलं कापड, ते बायकांच्या ओटीपोटातल्या ऑपरेशनमध्ये वापरतात. ते कोरड्या, रक्त पूर्ण थांबलेल्या जागीच काम करतं. थोडं जरी रक्त झिरपत असेल तरी ते रक्त शोषून काळं पडतं आणि फायदा निघून जातो. तिसरा प्रकार द्रवाचा: अ‍ॅडेप्ट नावाचं 4 टक्के आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण, ऑपरेशन संपताना पोटात सोडतात. ते काही दिवस पोटात राहून आतड्यांना तरंगतं ठेवतं. त्याचे परिणाम मात्र चाचण्यांत एकसारखे आलेले नाहीत. इंटरजेल नावाचं एक जेल मोठ्या आशेने बाजारात आलं आणि ऑपरेशननंतरचं दुखणं आणि इतर गुंतागुंतींच्या तक्रारी आल्यावर 2003 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे नवीन उत्पादनाचं नाव ऐकून हरखून जाऊ नये.

माझं मत विचाराल तर, गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, अंडाशय, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणं) आणि मोठ्या आतड्याची ऑपरेशनं, यांत आडपडद्याचा विचार जरूर व्हावा. साध्या पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला तो नको. आणि पोटात पू असेल, तर तो वापरायचा मोह टाळावा.

मूल होण्याबद्दल. बीज अंडाशयातून सुटतं तेव्हा गर्भनलिकेच्या टोकाच्या झालरीने हलून जाऊन ते उचलावं लागतं. अंडाशय ओटीपोटाच्या भिंतीला जखडला, किंवा झालर चिकटून बंद झाली, तर बीज आणि नलिका यांची गाठच पडत नाही. अंडाशयाचा पृष्ठभाग चिकटायला विशेष तयार असतो, म्हणून तिथलं ऑपरेशन करणाऱ्याने जास्त जपायला हवं: गाठ सोडवताना निरोगी भाग कमीत कमी भाजायचा, आणि गाठीतला द्रव पोटात सांडला तर धुऊन काढायचा. ‘पुढे मूल हवं आहे’ हे बहिणीने स्पष्ट शब्दांत सांगावं, फाइलवर लिहून घ्यायला लावावं. या एका वाक्याने ऑपरेशनची पद्धत बदलू शकते. आणि नलिका खराब झाल्याच तरी आयव्हीएफचा मार्ग राहतो, कारण त्यात बीज थेट अंडाशयातून घेतलं जातं आणि नलिकेची गरजच पडत नाही. एवढ्याने दार बंद होत नाही.

‘आत गेलोच आहोत तर सगळं जुनं चिकटलेलं सोडवून टाका,’ असं नातेवाईक हमखास म्हणतात. ते म्हणू नका. सोडवलेली प्रत्येक जागा ही नवी सोललेली जागा असते आणि ती पुन्हा चिकटायला मोकळी होते. गाठीपर्यंत पोचायला जेवढं सोडवावं लागतं तेवढंच सोडवावं. नुसत्या पोटदुखीसाठी अ‍ॅडहिजन सोडवण्याचं ऑपरेशन करावं का, याची नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, 2003 मध्ये ती प्रसिद्ध झाली. जुनाट दुखणं असलेल्या 100 रुग्णांच्या पोटात दुर्बीण घातली. निम्म्यांचे अ‍ॅडहिजन सोडवले, निम्म्यांचे तसेच ठेवले, आणि कोणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं. तेव्हापासून मी केवळ दुखण्यासाठी कात्री हातात घ्यायला सहसा तयार होत नाही.

राहिला घरचा भाग. ऑपरेशननंतर लवकर चालायला लागणं उत्तम. पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत, छाती मोकळी राहते, आतडी लवकर कामाला लागतात. त्याने अ‍ॅडहिजन टळतात असं मात्र सिद्ध झालेलं नाही. बेल्टने खोकताना आधार मिळतो, हालचाल सोपी होते, बस्स. मालिशीचं काय? उंदरांवरच्या प्रयोगात ऑपरेशननंतर लगेच पोट हलक्या हाताने हलवत राहिल्याने चिकटणं कमी झालेलं दिसलं आहे. माणसात तसं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि ओल्या टाक्यांवर कुणी जोर लावलेला मला तर चालणार नाही. वर्षानुवर्षांचा घट्ट पट्टा बाहेरून चोळून तुटतो हा दावा ज्याने तो पट्टा कात्रीने कापलाय त्याला पटणं कठीण आहे. जखम पूर्ण भरल्यावर कातडीवरचा व्रण मऊ व्हावा म्हणून हलकं मालीश करायला हरकत नाही. पण त्याचा परिणाम कातडीपुरता.

तुमच्या हातात खरोखर असलेली गोष्ट म्हणजे आतडं अडकल्याची लक्षणं ओळखणं. बहुतेक वेळा हा त्रास पहिल्या काही वर्षांत होतो, पण वीस वर्षांनीही होऊ शकतो, म्हणून ‘ते ऑपरेशन तर फार जुनं’ असं म्हणून सोडून देऊ नका. कळा येऊन येऊन पोटात दुखणं, पोट फुगणं, उलट्या, आणि गॅस व शौच दोन्ही बंद होणं, हे एकत्र दिसलं की घरी जुलाबाचं औषध घेत बसायचं नाही. थेट रुग्णालय गाठायचं. दुखणं येऊन-जाऊन असण्याऐवजी सतत राहायला लागलं, ताप आला, नाडी वेगाने चालू लागली, पोटाला हात लावू देववेना, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते आणि तिथे तास मोजावे लागतात.

भरती झाल्यावर लगेच ऑपरेशन होईलच असं नाही. रक्तपुरवठ्याला धोका दिसत नसेल तर तोंडाने काही न देता, नाकातून नळी घालून, सलाइन लावून वाट पाहतात, आणि बरेच रुग्ण तेवढ्यावरच मोकळे होतात. पाण्यात विरघळणारा एक रंगद्रव नळीतून पोटात सोडून काही तासांनी एक्स-रे काढतात. 24 तासांत तो मोठ्या आतड्यात पोचलेला दिसला तर ऑपरेशनशिवाय सुटका होण्याची शक्यता खूप चांगली असते. वाट पाहण्याची मर्यादा साधारण 72 तासांची धरतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. नुकत्याच झालेल्या ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यापासून पुढचे काही आठवडे पोटातलं चिकटणं लालबुंद, रक्ताळ आणि फार घट्ट असतं. त्या काळात पुन्हा आत शिरणं सर्वांत धोक्याचं. म्हणून तातडीचं कारण नसेल तर पुढचं ठरवलेलं ऑपरेशन सर्जन तीन महिने किंवा अधिक पुढे ढकलतात. ती चालढकल नसते.

पुढच्या भेटीत बहिणीने सर्जनना विचारावं: दुर्बिणीतून होईल का, आणि मध्येच उघडावं लागलं तर तो निर्णय कशावर ठरेल? आधीच्या ऑपरेशनमुळे पहिला छेद कुठून घेणार? आडपडदा वापरणार का, का किंवा का नाही? आतड्याला इजा झालीच तर ती सांभाळणारा सर्जन त्या वेळी तिथे उपलब्ध असेल ना? शेवटच्या प्रश्नाने कुणी चिडलं तर दुसरं मत घ्या. जुन्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचे कागद सापडत असतील तर ते बरोबर न्या. आणि या वेळी घरी सोडताना नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, ऑपरेशनच्या टिपणाची प्रत मागा: कुठे किती चिकटलेलं होतं, किती सोडवलं, काय तसंच ठेवलं, कोणता पडदा कुठे ठेवला. पुढे कधी मध्यरात्री पोट दुखून अनोळखी डॉक्टरसमोर जायची वेळ आली, तर तो कागद कोणत्याही तपासणीपेक्षा जास्त सांगेल. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा.